छत्री लावली तरी घरातले पोर्ट्रेट सपाटच येतात, मग आधी खोली तपासा

तक्रार बहुतेकांची एकच असते. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, स्टँडवर चढवला, प्रकाश मऊ करणारी पांढरी छत्री लावली, फ्लॅश दुरून पेटवणारा ट्रिगरपण घेतला, आणि एवढं सगळं करून फोटो बघावा तर चेहरा दोन्हीकडून सारखाच उजळलेला, मागची भिंत मळकट राखाडी, नाकाची सावली शोधून सापडत नाही. त्यापेक्षा खिडकीजवळ मोबाइलवर काढलेला बरा दिसतो. मग कोणीतरी सांगतं दुसरा फ्लॅश घे, मोठी छत्री घे, ती आली की फोटो अजूनच सपाट. मधेच एखादा मस्त येतो, दुसऱ्या दिवशी तीच सेटिंग लावली तर परत येरे माझ्या मागल्या.

यात छत्रीचा दोष थोडाच असतो, खरा घोळ खोलीचा असतो. आपल्याकडची नेहमीची १० बाय १२ ची खोली, वर पांढरं सीलिंग, फिकट रंगाच्या भिंती, खाली चकचकीत टाइल्स. छत्रीतून निघालेला प्रकाश या सगळ्यांवर आपटतो आणि परत चेहऱ्यावर येतो, म्हणजे तुम्ही लाइट लावला एक आणि चेहऱ्यावर पडतायत पाच, त्यातल्या चारांना बंद करायचं बटणच नाही. व्हिडिओत शिकवणारे लोक उंच छताच्या मोठ्या हॉलमध्ये उभे असतात, भिंती लांब असतात, त्यामुळे त्यांची सावली सावलीसारखी दिसते आणि आपली दिसत नाही. सेटिंग त्यांचीच कॉपी केली तरी.

पण खोलीला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण सपाटपणाची कारणं दोन असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. एक म्हणजे घरातला आधीपासूनचा उजेड, ट्यूब, खिडकी वगैरे. दुसरं म्हणजे फ्लॅशचाच भिंतींवरून परत आलेला उजेड. कॅमेरा मॅन्युअलवर टाका, शटर (उघडं राहायचा वेळ) १/१६० सेकंद, अपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, फ्लॅश बंद, आणि माणूस समोर बसवून एक फोटो काढा. हा फोटो काळा यायला पाहिजे. अगदी काळाकुट्ट नाही आला, कुठेतरी ट्यूबचा पट्टा किंवा खिडकीची कड दिसली तरी चालेल, पण चेहरा ओळखू येता कामा नये. ओळखू येत असेल तर घरातला उजेड तुमच्या फोटोत भागीदार आहे, पडदे ओढा, दिवे कमी करा, दुपारी खिडकीसमोर बसून हे करू नका, आणि आयएसओ ऑटोवर राहिलाय का ते बघा. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा सापडतं, ऑटो आयएसओ गुपचूप ३२०० वर जाऊन बसलेला असतो आणि माणूस फ्लॅशला शिव्या देत असतो.

हा काळा फोटो आला की पुढे सगळं सोपं होतं, कारण आता जो काही उजेड फोटोत दिसेल तो फ्लॅशमुळेच असणार. फ्लॅशचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो, त्यामुळे शटर १/१०० ठेवलं काय आणि १/१६० ठेवलं काय, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, फक्त घरातला उजेड कमीजास्त होतो. फ्लॅशचा उजेड बदलायचा तर अपर्चर, आयएसओ, फ्लॅशची पॉवर आणि अंतर, एवढेच चार कान आहेत पिळायला. आणि हो, खोली पूर्ण अंधारी करायची गरज नाही, केलीत तर कॅमेरा फोकसच करणार नाही. एक ट्यूब चालू राहू द्या, काळ्या फोटोत तिच्यामुळे चेहरा दिसत नाहीये ना, मग झालं.

उजेड अजून मारायचा म्हणून शटर १/५०० करू नका. फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येईल. बहुतेक कॅमेऱ्यांची फ्लॅशशी जुळायची मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते, काहींची १/१६०, त्याच्या वर शटरचा दुसरा पडदा आधीच सरकायला लागलेला असतो आणि फ्लॅश पडतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. या मर्यादेच्या वरही फ्लॅश चालवणारा हायस्पीड सिंक नावाचा प्रकार आहे, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते आणि घरातल्या कामाला तो लागत नाही. १/१६० वर राहा, विषय संपला.

मिररलेसवाल्यांची, म्हणजे आत आरसा नसलेला आणि सगळं स्क्रीनवरच दाखवणारा कॅमेरा ज्यांच्याकडे आहे त्यांची, वेगळीच रड असते. ही सेटिंग लावली की स्क्रीन काळी होते, काहीच दिसत नाही, मग ते घाबरून परत ऑटोवर जातात. कॅमेरा बिचारा तुम्हाला फ्लॅशशिवायचा फोटो कसा येईल ते दाखवतोय. मेनूत जाऊन एक्स्पोजर प्रीव्ह्यू बंद करा, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, सोनीमध्ये सेटिंग इफेक्ट ऑफ, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन. आणि फ्लॅश अजिबातच पेटत नसेल तर सायलेंट शटर चालू आहे का बघा, बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पेटतच नाही.

आता मुख्य दुखणं. काळा फोटो काळा आला, फ्लॅश लावला, आणि तरी सपाट.

दारात उभे राहा आणि अख्ख्या खोलीचा एक फोटो काढा, छत्री, स्टँड, माणूस, सीलिंग सगळं येईल असा, फ्लॅश पेटवून. छत्री पांढरी आरपार असेल, म्हणजे जिच्या कापडातून प्रकाश पुढे जातो ती, तर या फोटोत बघण्यासारखं असतं, सीलिंगवर पंख्याच्या पात्यांची स्पष्ट सावली पडलेली दिसेल. म्हणजे एवढा प्रकाश वर गेलाय. छत्रीच्या मागची भिंतपण लख्ख असेल, कारण आरपार छत्रीतून निम्मा-अर्धा प्रकाशच पुढे जातो, बराचसा कापडावर आपटून उलटा मागे येतो आणि खोलीभर पसरतो. हा एक फोटो काढला की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही, ज्या ज्या भिंतीवर उजेड दिसतोय ती भिंत तुमचा जास्तीचा लाइट.

इलाज नंबर एक फुकटचा आहे, छत्री जवळ आणा. तुम्ही मनात आणलंय त्यापेक्षा खूप जवळ. लोक छत्री सहा-सात फुटांवर ठेवतात कारण चेहऱ्यावर फार उजेड पडेल अशी भीती असते आणि माणसाला भिंतीला चिकटवून बसवतात कारण जागा नसते. गणित बघा. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा भाग. छत्री चेहऱ्यापासून ६ फूट आणि भिंत चेहऱ्याच्या मागे २ फूट, म्हणजे छत्रीपासून भिंत ८ फूट. चेहऱ्यावर जेवढा उजेड त्याच्या निम्म्याहून जास्तच भिंतीवर, एक स्टॉपचासुद्धा फरक नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), मग भिंत राखाडी आणि चपटी दिसणारच. आता माणसाला भिंतीपासून ५ फूट पुढे घ्या आणि छत्री अडीच फुटांवर आणा. छत्रीपासून भिंत साडेसात फूट, म्हणजे तिप्पट अंतर, उजेड नववा भाग, तीन स्टॉपहून जास्त फरक. तीच पांढरी भिंत आता गडद करडी दिसते, तेही एक रुपया खर्च न करता. छत्री म्हणजे काही टोकदार बल्ब नाही त्यामुळे हे गणित इंचाइंचाला जुळत नाही, पण अंदाजाला पुरतं.

बाजूच्या भिंतींचंही तेच. छत्री लांब असली की भिंतीवरून फिरून येणारा प्रकाश आणि सरळ येणारा प्रकाश यांच्या प्रवासात फार फरक नसतो, म्हणून दोघं तोलामोलाचे होतात आणि सावली भरून जाते. छत्री जवळ आली की सरळ प्रकाश एकदम जोरदार, फिरून येणारा त्या मानाने कमजोर. शिवाय पॉवर कमी करावी लागते, ६ फुटांवर पूर्ण ताकदीच्या १/४ लागत असेल तर अडीच फुटांवर १/१६ च्याही खाली चालतं, मग फ्लॅश पटापट तयार होतो आणि सेलही टिकतात.

यावर नेहमी एक शंका येते की जवळ आणल्यावर प्रकाश कडक होईल ना. उलट आहे. प्रकाश मऊ की कडक हे चेहऱ्यावरून बघताना छत्री केवढी मोठी दिसते त्यावर ठरतं, ३३ इंची छत्री अडीच फुटांवर भलीमोठी दिसते आणि आठ फुटांवर तीच छत्री ताटलीएवढी. म्हणून जवळची छत्री मऊ आणि तरीही सावली असलेला प्रकाश देते, दोन्ही गोष्टी एकदम मिळतात. किती जवळ, तर फ्रेमच्या कडेला छत्रीची कड दिसायला लागली की इंचभर मागे. पहिल्यांदा समोरच्या माणसाला जरा गुदमरल्यासारखं होतं, डोळ्यात काडी जाईल असं वाटतं, त्याला सांगून ठेवा.

छत्रीचा प्रकारही इथे येतो. आरपार पांढरी छत्री एवढी जवळ आणता येते कारण तिचा दांडा माणसाच्या उलट बाजूला असतो. बाहेरून काळी आणि आतून चंदेरी किंवा पांढरी अशी जी परावर्तित करणारी छत्री असते तिचा दांडा थेट माणसाच्या तोंडाकडे येतो, त्यामुळे ती थोडी लांबच ठेवावी लागते, पण तिच्या काळ्या कापडामुळे मागे प्रकाश सांडत नाही. लहान खोलीत कोणती घ्यावी असं विचाराल तर माझं मत काढता येणाऱ्या काळ्या कव्हरची पांढरी छत्री घ्या, ४३ इंची, दोन्ही कामं होतात. साठ इंची घेऊ नका. १० बाय १२ मध्ये ती उघडायचीच मारामार आणि पंखा आहेच वर टपलेला.

इलाज नंबर दोन, काळं कापड. छत्री डावीकडे असेल तर उजवीकडे, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, काळं काहीतरी उभं करा. काळी चादर, काळी शाल, खुर्चीवर टाकलेली काळी साडी, काळ्या चार्टपेपरचे दोन-तीन तुकडे चिकटवून केलेला फळा, काहीही, फक्त चकचकीत नको, सॅटिन चालणार नाही. भिंतीवरून परत येणारा प्रकाश ते पिऊन टाकतं आणि गालावर एकदम सावली उभी राहते. बहुतेक लोकांना सावली भरायला पांढरा रिफ्लेक्टर माहीत असतो, सावली आणायला काळा लावायचा हे कोणी सांगत नाही, आणि घरात तर याचीच जास्त गरज. सावली जास्तच वाटली तर मग टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आहेच, तो दोन फुटांवर धरा, हळूहळू जवळ आणत बघा.

हे कापड अजून एका रोगावर औषध आहे. सावलीचा भाग हिरवट किंवा भगवा येतो, व्हाइट बॅलन्स (अख्ख्या फोटोचा रंग पिवळट-निळसर करायची सेटिंग) कितीही फिरवला तरी जात नाही, एक गाल बरा केला की दुसरा बिघडतो. ही भिंतीची करणी. माझ्या आतेबहिणीचे लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढत होतो, त्यांच्या हॉलमध्ये एक भिंत पिस्ता रंगाची, आणि छत्रीच्या बाजूचा गाल छान गव्हाळ, दुसऱ्या बाजूला मात्र जबड्याची कड, कानाची पाळी आणि नाकपुडीच्या खालचा तेवढाच त्रिकोण हिरवा, आजारी माणसासारखा. आत्या म्हणाली हे असं पाठवलं तर नकारच येईल. पिस्ता भिंत आणि चेहरा यांच्या मधे दोन खुर्च्यांवर काळी चादर टाकली आणि हिरवा गेला, व्हाइट बॅलन्सला हातही लावला नाही. आजकाल हॉलमध्ये एक भिंत गडद रंगाची करायची फॅशन आहे, लाल, केशरी, जांभळी, अशा घरात फोटो काढायचे तर ती भिंत बाजूला येऊ देऊ नका, एक तर मागे घ्या बॅकग्राउंड म्हणून नाहीतर झाका. सीलिंगवरून येणारा रंग वेगळा ओळखू येतो, तो डोक्यावर आणि खांद्यांवर दिसतो.

रंगाचं अजून एक कारण म्हणजे अर्धवट उरलेला घरातला उजेड. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढा पिवळा, मोठा तेवढा निळसर. फ्लॅश साधारण ५५०० केल्विन, आपल्याकडची पांढरी एलईडी ट्यूब बहुतेक ६५०० ची, पिवळा दिवा २७०० ते ३००० चा. काळ्या फोटोची चाचणी नीट केली असेल तर हे भांडण होतच नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, फ्लॅशवर किंवा ५५०० वर ठेवा, म्हणजे सगळ्या फोटोंचा रंग निदान एकसारखा येतो आणि नंतर एका झटक्यात बदलता येतो.

आता छत्री जवळ आहे, काळं कापड आहे, तरी नाकाची सावली नाही? मग छत्री कॅमेऱ्याच्या फार जवळ आहे, किंवा फार खाली. कॅमेऱ्यापासून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या रेषेच्या वर, खाली वाकलेली. फोटो मोठा करून डोळ्यातला पांढरा ठिपका बघा, घड्याळात दहा किंवा दोन वाजता जिथे काटा असतो तिथे तो पाहिजे. बरोब्बर मधे असेल तर प्रकाश समोरून येतोय, बुबुळाच्या खालच्या अर्ध्यात असेल तर छत्री खाली आहे आणि चेहरा भुतासारखा दिसेल. अजून बाजूला नेत गेलात की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो, त्यालाच रेम्ब्रां लाइटिंग म्हणतात. लहान खोलीत हा त्रिकोण काळ्या कापडाशिवाय मिळणं अवघड, कारण त्रिकोणाच्या आजूबाजूची सावलीच भरून निघते.

सरावाला कोणी तासभर बसत नाही हा मोठा प्रश्न. घरात गौरींचे मुखवटे असतील आणि आईची परवानगी मिळाली तर त्याच्याइतकं उत्तम मॉडेल नाही, नाक, गाल, हनुवटी सगळं आहे आणि रंगाला चमक असल्यामुळे प्रकाश नेमका कुठून येतोय ते लगेच दिसतं. परवानगी मिळणार नाही हे मला माहीत आहे. मग एखादी मोठी बाहुली किंवा मातीचा पुतळा घ्या, अंडं घेऊ नका, त्याला नाक नसतं.

काही जणांचा प्रकाश जवळ छत्री असूनही कडक येतो, कपाळावर पांढरा चट्टा. त्यांच्या फ्लॅशचा झूम, म्हणजे झोत किती पसरेल ते ठरवणारी सेटिंग, १०५ वर असतो, झोत अगदी अरुंद. कॅमेऱ्यावर असताना तो लेन्सप्रमाणे आपोआप बदलतो, स्टँडवर कोणी बदलत नाही, आणि सगळा प्रकाश छत्रीच्या मधल्या वीतभर जागेतून जातो, उरलेली छत्री नुसती शोभेला. झूम २४ किंवा ३५ वर आणा. खात्री करायची तर छत्रीचाच फोटो काढा, अपर्चर एफ १६, पॉवर सगळ्यात कमी, छत्री कडेपर्यंत उजळलेली दिसली पाहिजे. मधेच गोळा दिसत असेल तर फ्लॅश छत्रीपासून अजून लांब जाईल असा दांडा सरकवा. फार लांब गेला की कडेच्या बाहेरून प्रकाश सांडतो, मग थोडा परत. चट्टा तरीही राहिला तर तो घाम आहे, टिश्यूने टिपा, मे महिन्यात पंखा बंद करून कोणाला बसवलंय तर दुसरं काय होणार.

पंखा चालू ठेवला तर छत्री हलते आणि हलका स्टँड पडतो. स्टँडच्या पायावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवा.

एका फोटोत उजेड बरोबर आणि पुढच्या दोनात अंधार, असं होत असेल तर बहुतेक वेळा सेल. साधे अल्कलाइन सेल थोडे वापरले की फ्लॅशला परत भरायला वेळ लागतो, आणि तुम्ही भरायच्या आत बटण दाबता. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल घ्या, व्होल्टेज कमी लिहिलेलं असतं, १.२, पण करंट दमदार देतात. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे पॉवर आपोआप ठरवणाऱ्या मोडवर, असेल तर तो प्रत्येक वेळी नव्याने अंदाज बांधतो, पांढरा कुर्ता आला की कमी, काळा आला की जास्त, म्हणून शिकताना मॅन्युअल. सेल नवे असूनही ट्रिगर मधेच चुकतो, तर कॅमेरा आणि फ्लॅश एकमेकांच्या फार जवळ आहेत का बघा, काही रेडिओ ट्रिगर अगदी जवळून गडबडतात, गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये त्यासाठी ०-३० मीटरचा ऑप्शन दिलेला असतो. चॅनल दोन्हीकडे एकच आहे ना हे तर बघालच.

चष्म्यात छत्री दिसते हे दुखणं छत्री जवळ आणली की वाढतं, कारण ती मोठी दिसते. छत्री अजून वर घ्या आणि बाजूला न्या, हनुवटी किंचित खाली. तरी राहिली तर चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा इंच वर उचला, काचा खाली झुकतात आणि छत्रीचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे यायचं थांबतं. समोरून ते कळत नाही. काचा काढलेली फ्रेम घाला असा सल्ला देतात लोक, माझ्या मते नको, ते दिसतं.

आणि एवढं करूनही दोष खोलीचाच आहे हे पटत नसेल, किंवा नवीन फ्लॅश विकत घ्यायची फार खुमखुमी आली असेल, तर त्याआधी एकदा हेच सगळं सामान घेऊन रात्री गच्चीवर जा. तोच फ्लॅश, तीच छत्री, तेच अंतर, तीच पॉवर. तिथे भिंत नाही, सीलिंग नाही, परत येणारा प्रकाश जवळजवळ शून्य. सावली एकदम काळी येते, बऱ्याचदा नको तेवढी, आणि मग थर्माकोल धरून ती हवी तेवढी उजळवता येते. घरातला आणि गच्चीवरचा असे दोन फोटो शेजारी ठेवा, त्यांच्यात जो फरक दिसेल तेवढा वाटा तुमच्या खोलीचा, तेवढंच काळं कापड लागणार. वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि स्टँड धरायला एक माणूस सोबत न्या. गच्चीवर वारा असतो, तांदळाच्या पिशवीवर भागत नाही, छत्री उलटी झाली की काड्या वाकतात आणि त्या परत सरळ होत नाहीत.